बेट्सीचं निरूपण

इंग्रजी येतं अशी आपली ख्याती पेठेत पसरू लागली, तर शहाण्या माणसाने ती वेळीच खुडून टाकावी. मी टाकली नाही. अमरावतीच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कंपनीत मी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत असे. म्हणजे काय, तर 'आपले पत्र पोचले, गाठी रवाना केल्या, पोच द्यावी' हे एकच पत्र तारीख बदलून जन्मभर लिहीत असे. पण राजापेठेत माणसाचं इंग्रजी त्याच्या पत्रांवरून कोणी जोखत नाही, चष्म्यावरून जोखतात. माझा चष्मा जाड होता.

ख्यातीचं एक असतं. ती घडी घालून पेटीत ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. अंगात घालायला काढली की काखेत उसवते. माझी उसवली ती चौसष्ट साली, माघातल्या एका संध्याकाळी. समोरच्या घरचे महादेवराव आले आणि त्यांनी माझ्या पुढ्यात ताटलीएवढी एक काळी तबकडी ठेवली.

"वामनराव, हे वाचा बरं."

"महादेवराव, ही रेकॉर्ड आहे. ही वाचत नाहीत, वाजवतात."

"वाजवाले आमालेबी येते. वाचाले तुमाले येते म्हून तं आनली."

महादेवरावांची वलगावला काळी जमीन होती. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी अमरावतीत बिऱ्हाड केलं होतं. मुलगी शकुन बी.ए.ला होती आणि तिचं अकोल्याला जमत आलं होतं. नवरामुलगा सूर्यभान, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. पाहण्याच्या कार्यक्रमात त्याच्या आईने आपली दुपारची झोप बुडाल्याचं दोनदा सांगितलं होतं आणि त्याने मुलीला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला काय आवडतं?" आणि शकुनने जमिनीकडे पाहत उत्तर दिलं होतं, "गाणं." त्यावर मुलगा अकोल्याला परत गेला आणि आठवड्याच्या आत ही तबकडी आली. इंग्रजी! तीही त्या नव्या धांगडधिंग्याच्या जातीची.

आता त्या काळची रीत लक्षात घ्या. एखाद्या धाडसी मुलाने लग्नाआधी पत्र पाठवलंच, तर ते मुलीच्या बापाच्या नावाने यायचं. बाप ते मोठ्याने वाचायचा, आई दोनदा वाचून घ्यायची, शेजारी आपलं मत द्यायचे आणि उरलंसुरलं मुलीच्या वाट्याला यायचं. यात गैर असं कोणालाच वाटत नसे, फक्त मुलीला वाटत असेल. सूर्यभानने मात्र मधल्या सगळ्या नाक्यांना बगल देऊन माल थेट घरात उतरवला होता. महादेवरावांचा खरा राग हा होता.

"बुधवारी साक्षगंध हाय," ते म्हणाले. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. "या गान्यात वंगाळ काही निघालं, तं मी अकोल्याले निरोप धाडतो. पोरगी द्याची नाई. तुमी अर्थ सांगा, मी तुमच्या शब्दावर चालतो."

समोरच्या ओसरीत भांडी घासण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. शकुन राख माखलेल्या हातांनी तशीच बसून आमच्याकडे पाहत होती. माझ्या शब्दावर काय काय चालणार आहे, ते मला त्या हातांवरून कळलं.

"शकुनलाच विचारा ना. तिला माझ्याहून..." मी सुटायला पाहिलं.

"इचारलं. थे म्हन्ते चांगलं हाय. न आयकताच म्हन्ते! पक्षकाराची साक्ष मी घेत नाई."

मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "एकदा ऐकावं लागेल." माझ्या आयुष्यातल्या सगळ्या आपत्तींची सुरुवात चष्मा पुसण्याने झालेली आहे.

महादेवरावांकडे चावीचा जुना ग्रामोफोन होता. त्यावर वडिलांच्या वेळच्या थाळीएवढ्या तबकड्या वाजत. ही नवी तबकडी लहान आणि तिचं मधलं भोक मात्र मोठं. ते भोक महादेवरावांनी बाटलीचं बूच कोरून बुजवलं, चावी भरली आणि बाभळीच्या काट्याची आठवण व्हावी अशी पोलादी सुई तिच्यावर सोडली. यंत्राला एकच वेग ठाऊक होता, तो जुन्या तबकड्यांचा. गाणारा असा काही पळू लागला की खुराड्यात मुंगूस शिरलं असावं.

"अवं, याले कोनी मारून राह्यलं काय?" पार्वताबाई, म्हणजे शकुनची आई, स्वयंपाकघरातून धावत आल्या.

त्या कोलाहलात एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला. तो मलाच नाही, पार्वताबाईंनाही ऐकू आला.

"बेट्सी," त्या म्हणाल्या. "हे बेट्सी कोन व्हय?"

महादेवरावांनी यंत्र बंद केलं. सुई खरकन घसरली आणि तबकडीवर एक पांढरी रेघ उमटली. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आतापर्यंत प्रकरणात फक्त इंग्रजी होतं, आता बाई आली.

"वामनराव, या पोट्ट्याचं मुंबईले ट्रेनिंग झालं म्हन्तेत. तिथं कोनी..."

"घाई करू नका," मी म्हणालो. "इंग्रजीत नावांना फार अर्थ नसतो." हे वाक्य मी कोणत्या आधारावर बोललो, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. माणसांचे मी दोन वर्ग करतो, सल्ला देणारे आणि सामान देणारे. राजापेठेत पहिल्या मालाची आवक बारमाही आणि दुसऱ्याचा कायम तुटवडा. एकाने सांगितलं, सरळ अमेरिकेला गाण्याच्या कंपनीला पत्र लिहा. मी लिहिलंसुद्धा. 'आपल्या तबकडीच्या संदर्भात कळविण्यात येते की' अशी छान सुरुवात जमली होती. पण पोस्टातल्या बाबूने उत्तर यायला पावसाळा उजाडेल असं सांगितलं, आणि साक्षगंध बुधवारी होतं. दुसऱ्याने सांगितलं, इंग्रजी गाण्याला अर्थच नसतो, थंड देशातले लोक ऊब यावी म्हणून गातात. हे मला पटलं होतं, पण महादेवरावांना पटेना.

खरं शहाणपण दाखवलं ते किसनरावांनी. किसनराव रेल्वेत गार्ड, बडनेऱ्याहून ड्युटीवर जायचे. छप्पन्न साली त्यांच्या घराने धम्म घेतला तेव्हापासून दिवाणखान्यात बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली रेल्वेचं घड्याळ. दोघांच्याही साक्षीने ते कधी उशिरा आले नाहीत.

"वामनराव, एवढं काहून घोटून राह्यले? ज्यानं धाडलं त्याले इचारा. मी परवा अकोल्यावरूनच येतो."

मी दचकलोच. "छे छे, किसनराव! मुलाकडच्यांना अर्थ विचारायचा म्हणजे इकडे कोणाला इंग्रजी येत नाही असं होतं. पाहण्याच्या दिवशी महादेवरावांनी माझी ओळख काय करून दिली ठाऊक आहे? 'आमच्या पेठेतले इंग्रजीचे पंडित.' मुलाच्या वडिलांनी उठून नमस्कार केला मला."

"बरं बाप्पा," किसनराव टोपी घालत म्हणाले, "तुमचा नमस्कार सांभाळा. पोरीचं लगन काय, होत राहीन."

हा टोमणा मला घरी पोचेपर्यंत कळला नाही. कळला तेव्हा मी पत्नीपुढे, म्हणजे गोदाबाईंपुढे, तक्रार मांडली.

"मग सांगून टाका ना येत नाही म्हणून," ती कणीक मळता मळता म्हणाली.

"अगं, इतक्या वर्षांची अब्रू आहे."

"असेल. पण समोरची पोर दोन दिवस जेवली नाही. तुमची अब्रू जेवते ना वेळेवर?"

अशा घरात माणसाने पंडित तरी कसं व्हावं!

आता योग्य वेगाचं यंत्र हवं होतं. ते सबंध पेठेत एकाच माणसाकडे होतं. जानराव, लाउडस्पीकरवाले. लग्न, सभा, सप्ताह, निवडणूक, सगळ्यांना त्यांचा आवाज पुरत असे. मी म्हणालो, "जानराव, हळूच दुकानात बसून ऐकू. दोन माणसं."

"हळू नाई होत, साहेब. माह्या डब्ब्याचा आवाज भोंग्यातूनच निंगते. भोंगा काढला तं डब्बा मुका." त्यांनी यंत्रावर प्रेमाने हात फिरवला. "आन् भोंगा वाजवाचा तं ठान्यातून परमिट लागते. मांगच्या खेपेले भोंगा जप्त झालता. परमिट आना, फुकट वाजवतो."

फुकट या शब्दाने मी आणखी एकदा फसलो. ठाण्यावर गेलो. जमादार भला माणूस होता. अर्ज वाचून तो म्हणाला, "इंग्रजी गानं हाय? मंग त्याचा अर्थ मराठीत लिहून जोडा. आक्षेपार्ह नाही असं पायजे."

"जमादारसाहेब, अर्थ कळावा म्हणूनच ते वाजवायचं आहे."

"मंग वाजवा."

"परवानगी?"

"अर्थ जोडा, देतो."

"पण वाजवल्याशिवाय अर्थ कसा कळेल?"

"थे तुमी पाहा. परवानगीशिवाय वाजवलं तं मी धरीन." हे सगळं तो अत्यंत आपुलकीने बोलत होता. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. दोन कपांनंतरही आम्ही तिथेच होतो, तेव्हा त्यालाच माझी दया आली. "अर्थाचं राहू द्या. प्रकार सांगा. धार्मिक, सामाजिक, राजकीय, का जाहिरात? धार्मिक असलं तं इचारपूस लागत नाई."

समोरच्या ओसरीत थांबलेले ते राखेचे हात माझ्या डोळ्यांपुढे आले. "धार्मिक," मी म्हणालो.

"देव कोनता?"

"निराकार."

जमादाराने मान डोलावली आणि शिक्का मारला. पण भला माणूस भलेपणा आवरत नाही, ही माझ्या अनुभवाची गोष्ट आहे. त्याचे मेहुणे पुंजाजीबुवा आमच्या पेठेतल्या भजनी मंडळाचे प्रमुख. जमादाराने संध्याकाळी त्यांना सांगितलं की रविवारी पाच वाजता महादेवरावांच्या अंगणात निराकार देवाचं इंग्रजी भजन आहे, वामनराव सांगणार आहेत.

रविवारी मी अंगणात पाऊल टाकलं आणि उलट फिरणार होतो, पण मागे गोदाबाई होती. सतरंज्या अंथरलेल्या होत्या. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मधे खंजिऱ्या आणि टाळ घेतलेलं भजनी मंडळ. जानरावांचा भोंगा कडुनिंबाला बांधला होता आणि यंत्राला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. महादेवराव गोंधळून सगळ्यांना बसा बसा म्हणत होते. अर्थ खाजगीत कळावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि वलगावहूनसुद्धा पाव्हणे आले होते.

"वामनराव," पुंजाजीबुवा म्हणाले, "तुमी एकेका चरनाचं निरूपन करा. आमी ठेका धरतो. इंग्रजी देवाले बी खंजिरी चालते ना?"

"त्याला सगळं चालतं," मी म्हणालो आणि जानरावांनी सुई सोडली.

योग्य वेगात ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. आता मुंगूस नव्हतं. एक माणूस होता, गळा काढून काहीतरी मागत होता, आणि मागे चार जण त्याच्या प्रत्येक ओळीला होकार भरत होते. आपल्या झिलकऱ्यांसारखेच. खाली ढोल असा घुमत होता की पुंजाजीबुवांच्या बोटांना राहवेना. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. समजत मात्र होते चार-पाच शब्द. पाऊस, रस्ता, घर, ये. आणि बेट्सी.

जानरावांनी गाणं थांबवलं. सगळी राजापेठ माझ्याकडे पाहू लागली.

माझ्या हाताशी पत्रव्यवहाराचं इंग्रजी होतं आणि लहानपणी देवळाच्या पायरीवर बसून ऐकलेली कीर्तनं होती. पहिलं संपलेलं होतं, म्हणून मी दुसरं काढलं.

"बेट्सी म्हणजे कोण?" मी विचारलं. कीर्तनकार आधी प्रश्नच विचारतात, त्याने वेळ मिळतो. "बेट्सी म्हणजे जीव. जीव पावसात, संसाराच्या रस्त्यावर भटकतो आहे. आणि गाणारा त्याला म्हणतो, घरी ये."

"मंग गानारा कोन?"

"शिव."

"शिव काहून येवढा बोंबलून राह्यला?" मागून एक म्हातारा म्हणाला.

"जीव ऐकत नाही म्हणून!"

"वा!" पुंजाजीबुवांनी मांडीवर थाप मारली. सतरंजीवरून वाहवा उठली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःलाही ते पटलं होतं. इंग्रजी इतकं खोल असेल अशी कल्पना नव्हती.

"लावा पुढं," मी ऐटीत म्हणालो.

जानरावांनी लावलं. आणि सुई त्या पांढऱ्या रेघेत अडकली. गाणारा 'कम होम, बेट्सी' म्हणाला, पुन्हा 'कम होम, बेट्सी' म्हणाला, आणि मग थांबेचना. दुसऱ्या कोणत्याही गावात लोक म्हणाले असते तबकडी बिघडली. आमच्याकडे एकच ओळ चारदा आली की ती पालुपद ठरते आणि पालुपद सगळ्यांनी म्हणायचं असतं. खंजिऱ्या कडाडल्या. टाळ लागले. पुरुषांनी उचललं, मग बायकांनी. जानरावांनी आनंदाने आवाज वाढवला. 'कम होम, बेट्सी'ने सगळी राजापेठ दुमदुमली. पुंजाजीबुवा उभे राहून डोलायला लागले. महादेवराव डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. पार्वताबाईंनी भोंग्याकडे बघून हात जोडले. दारात शकुन उभी होती. ती तोंडावर पदर धरून हसत होती, पण तिचे डोळे काही हसत नव्हते, ते बापावर होते.

आणि बापाला एकदम आठवलं की आपण बाप आहोत. त्यांनी डोळे उघडले आणि हात वर केला. जानरावांनी सुई उचलली. टाळ एकेक करून गप्प झाले.

"वामनराव," महादेवराव म्हणाले, "निरूपन लय भारी झालं. मानलं तुमाले. पन एक समजत नाई. जीव-शिवाची गोठ सव्वीस वर्साच्या पोट्ट्यानं माह्या पोरीले काहून धाडली? तो काय बुवा हाय? मले सरळ सांगा. हे बेट्सी खरी बाई हाय का नाई?"

मी चष्मा काढला. पुसला. परत घातला. चष्म्यातून पुन्हा तेच दिसलं. 'नाही' म्हणावं तर खोटं, 'आहे' म्हणावं तर बुधवार बुडाला, आणि 'मला येत नाही' म्हणावं तर पुंजाजीबुवांनी नुकताच माझ्यासाठी हार मागवला होता. मी तोंड उघडलं. काय निघणार होतं ते देव जाणे, तो निराकार.

"ज्यानं धाडली त्याले इचारा ना," मागून आवाज आला.

फाटकात किसनराव उभे होते, गार्डाच्या काळ्या कोटात. त्यांच्या शेजारी इस्त्रीची पॅन्ट घातलेला एक घामाघूम तरुण. किसनरावांनी माझा नमस्कार सांभाळला नव्हता. अकोल्याच्या फलाटावर सूर्यभानला बोलावून घेऊन त्यांनी सगळं सांगितलं होतं आणि आपल्याच गाडीने त्याला आणलं होतं. आपली भेटवस्तू सबंध पेठ टाळांवर म्हणते आहे, हे त्या बिचाऱ्याने चौकापासून ऐकत ऐकत पाऊल टाकलं असणार.

सगळे वळले. महादेवराव पुढे झाले. "या पाव्हणे. बरं झालं आले. सांगा, याचा अर्थ काय?"

सूर्यभानने एकदा भोंग्याकडे, एकदा झेंडूच्या हाराकडे पाहिलं. "मले... पूर्न नाई समजत, मामाजी."

"नाई समजत?"

"इंग्रजीतच मी नापास झालतो इंटरले. येवढं फास्ट नाई समजत."

अंगणात कुजबूज झाली. काही जणांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. या परिस्थितीतही मला बरं वाटलं, हे नमूद करतो.

"मंग धाडलं काहून?" महादेवरावांचा आवाज चढला.

मुलाने कपाळ पुसलं. "मुंबईले ट्रेनिंगले होतो. एका दुकानात हे लागलं होतं. मी बाहेर उभा राहून आयकलं. पाय हालाले लागले माह्ये. बाजूले पाह्यलं तं वळखीचं कोनीच नोयतं. कोनाले सांगू का बाप्पा, हे आयक? तसंच परत आलो. मंग यायले गानं आवडते म्हने," त्याने दाराकडे न बघता दाराकडे बोट केलं, "म्हून मुंबईच्या दोस्ताले लिहून मागवलं आन् धाडलं. एकट्यानं आयकाचं गानं नाई व्हय हे."

कडुनिंबावरचा भोंगा नुसता घूं घूं करत होता.

"आन् बेट्सी?" पार्वताबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"थे मले मालूम नाई, आत्याबाई. कोनाची तरी असन."

पुंजाजीबुवांना हसू फुटलं आणि त्यांच्यामागे सगळ्यांना. महादेवराव मात्र हसले नाहीत. त्यांनी दाराकडे मान वळवली आणि मागल्या चार दिवसांत पेठेतल्या कोणालाच जे सुचलं नव्हतं, ते त्यांना सुचलं.

"शकुन, इकडे ये. आयकलं ना गानं? आता तूच सांग. तुले काय वाट्टे?"

शकुन दारातून एक पायरी उतरली. पदर सावरला. ती बापाशी बोलली नाही, माझ्याकडे तर तिने पाहिलंसुद्धा नाही. यंत्रावरच्या हाराकडे पाहत ती अकोल्याच्या पाहुण्याला म्हणाली,

"घरी हळू लावा लागन. तुमच्या आई दुपारी निजतात."

या वाक्याचं निरूपण करायला मला कोणी सांगितलं नाही. मी मान वर केली तेव्हा महादेवराव जावयाला सतरंजीवर बसवत होते, पार्वताबाई साखरेचा डबा आणायला आत धावल्या होत्या आणि पुंजाजीबुवांनी खंजिरीवर थाप मारली होती.